संकेतस्थळाची चतुःसीमा

महसूल खात्याच्या दप्तरात ज्याने उमेदीची सारी वर्षे घालवली, अशा गृहस्थाकडे निवृत्तीनंतर आप्तेष्ट सामान्यतः दोनच कारणांनी येतात : कोणाच्या सातबारावर मयत चुलत्याचे नाव राहून गेलेले असते, किंवा कोणाची वारसनोंद तलाठ्याकडे तुंबलेली असते. त्यामुळे पुण्यात कीटकनिर्मूलनाचा व्यवसाय करणारा माझा भाचा जेव्हा "मामा, वेबसाइट करून घेतोय, मसुद्यावर एकदा नजर टाका," असे म्हणत आला, तेव्हा मला क्षणभर कृतार्थ वाटले. वास्तविक वाळवी या प्राण्याशी माझा परिचय त्याच्याहून जुना आहे. आमच्या कचेरीतून गहाळ झालेल्या कित्येक कागदांची जबाबदारी खात्याने वेळोवेळी तिच्यावर टाकली, आणि तिने ती एकदाही नाकारली नाही.

मसुदा तयार करणारे तरुण गृहस्थ बाणेरला बसतात. त्यांनी भाच्याच्या मोबाइलवर जो देखावा उमटवला होता तो असा : शुभ्र दिवाणखान्यात एक गौरवर्णी परदेशी कुटुंब निष्कारण हसत आहे; ते हळूहळू विरून जाते व त्याच्या जागी दुसरे परदेशी कुटुंब हसू लागते; तेवढ्यात एक झुरळ डाव्या कोपऱ्यातून निघून उजव्या कोपऱ्यापर्यंत अत्यंत हुबेहूब चालत जाते. या झुरळावर त्यांची विशेष ममता होती. माझ्या भगिनीने, म्हणजे भाच्याच्या मातोश्रींनी, ते पाहताच मोबाइल सोफ्यावर भिरकावला आणि पायातली चप्पल हाती घेतली, यावरून कलाकृती म्हणून त्याचे यश निर्विवाद होते; परंतु दूरध्वनी क्रमांक शोधण्याइतका वेळ त्या पृष्ठावर कोणी थांबेल काय, याविषयी मला शंका आली. क्रमांक होता. तो अगदी तळाशी, करड्या जमिनीवर किंचित फिकट करड्या अक्षरांत विसावलेला होता.

मधल्या भागात 'आमच्याविषयी' या मथळ्याखाली चार परिच्छेद चक्क लॅटिन भाषेत होते. खुलासा मागवला असता असे कळले, की तो नुसता जागा भरण्यापुरता मजकूर असून खरा मजकूर "क्लायंटनं नंतर द्यायचा असतो, सर." अधिक चौकशीअंती हाती लागले ते असे, की हे शब्द इसवी सनापूर्वी 45 या वर्षी सिसेरो नामक रोमन पंडिताने लिहिलेल्या नीतिविषयक ग्रंथातून मोडूनतोडून घेतलेले आहेत. सिसेरो पेशाने वकील होता, तेव्हा त्याचे म्हणणे विपर्यस्त स्वरूपात सादर झाल्याचे मला नवल वाटले नाही. पण ढेकणांनी रात्रभर बसवून ठेवलेल्या इसमाने पहाटे चार वाजता त्याचे काय करावे? आधी चौकट आणि मागाहून मजकूर, हा क्रम म्हणजे आधी सही-शिक्का आणि मागाहून अर्ज. ती पद्धत आमच्या खात्यातही अगदीच अज्ञात होती असे नाही, मात्र तिची कोणी जाहिरात करीत नसे.

हे जाळे मुळात कशासाठी विणले गेले, हे कळल्यावर तर माझा हुरूप दुणावला. जिनीव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ मंडळी जेमतेम दोन-दोन वर्षे राहून निघून जात आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या कागदपत्रांचा ठावठिकाणाही जाई. तो उपद्रव मिटावा म्हणून टिम बर्नर्स-ली यांनी 1989च्या मार्च महिन्यात वरिष्ठांकडे एक प्रस्ताव सादर केला, आणि त्यावर वरिष्ठांनी, मोघम आहे पण उत्साहवर्धक आहे, अशा आशयाचा शेरा मारला. बदल्या, गहाळ कागद, प्रस्ताव आणि शेरा! ही तर सर्वस्वी आमचीच सृष्टी होती. फरक इतकाच, की या प्रस्तावाचे पुढे काहीतरी झाले.

मी मूळ दप्तर तलब केले. भाच्याकडे दप्तर म्हणण्यासारखे काही नव्हते. ते त्याच्या पत्नीकडे निघाले. धंद्याचा फोन तीच उचलते, आणि फोनशेजारी एक जाडजूड वही ठेवून कोणी काय विचारले हे ती त्यात टिपून घेते, कारण तिच्या मते नवरा गिऱ्हाइकाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेत नाही. त्या वहीइतके वाचनीय वाङ्मय मी अलीकडे पाहिलेले नाही. औषधाला वास येतो का? किती वेळ घराबाहेर बसावे लागेल? घरात मांजर आहे. देव्हारा हलवायचा का? डब्यांतले धान्य काढायचे का? आम्ही केले आणि वरच्या मजल्यावरच्यांनी केले नाही, तर काय उपयोग? माणसे ओळखपत्र घालून येतात का? पावती मिळेल ना? आणि जवळजवळ प्रत्येक पानावर : "आमच्याकडे येता का? किती घेता?"

उत्तरेही तिने तिथेच लिहून ठेवली होती, आणि ती सिसेरोपेक्षा सरस होती. झुरळांसाठी फळ्यांच्या सांध्यांत व बिजागऱ्यांपाशी जेलचे ठिपके देतात, त्याकरिता घर सोडावे लागत नाही. ढेकणांची अंडी पहिल्या फवारणीत बहुधा बचावतात, म्हणून काही दिवसांनी दुसरी फेरी करावीच लागते, आणि ती करू म्हणणारा माणूस लुबाडत नसून खरे बोलत असतो. वाळवीसाठी भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे ओळीने छिद्रे पाडून औषध आत सोडतात व छिद्रे बुजवतात; धूळ उडते, ते आधीच सांगितलेले बरे. पहिल्या वळवानंतर दिव्याभोवती पंखवाली वाळवी उडू लागली, की आठवडाभर फोन खाली ठेवायला उसंत नसते. सबब त्या दिवसांत पृष्ठावर सर्वांत वर वाळवीच असावी. 1968च्या कीटकनाशक कायद्याखालील परवान्याचा क्रमांक कोणी विचारीत नाही, पण लिहिलेला दिसला तर पुढचे प्रश्न कमी होतात.

"हीच तुमची वेबसाइट," असे मी बाणेरकरांना सांगितले, आणि वहीत जो प्रश्न सर्वाधिक वेळा आला आहे तो सर्वांत वर, या अनुक्रमाने संपूर्ण योजना आखून दिली. क्रमांक माथ्यावर ठळक, बोट लावताच फोन लागेल असा. त्याखाली 'आमच्याकडे येता का?' याचे उत्तर म्हणून, खरेदीखतात मिळकतीची लिहितात तशी चतुःसीमा : पूर्वेस हडपसर, पश्चिमेस बावधन, दक्षिणेस कात्रज, उत्तरेस विश्रांतवाडी. तरुणाने नकाशा सुचवला. तोही मी मंजूर केला, मात्र चतुःसीमेच्या खाली. त्याने मग "सर, माणूस साइट कशासाठी उघडतो ते आधी ठरवायचं, असं आम्हांलाही शिकवलेलं असतं," अशी कबुली दिली. ते शिक्षण झुरळाने झाकले गेले होते, इतकेच. झुरळाची रवानगी नंतर त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर झाली.

दरांच्या प्रश्नावर भाचा अडून बसला. दर लिहिले तर प्रतिस्पर्ध्यांना कळतील, अशी त्याची हरकत होती. प्रतिस्पर्धी खोटी गिऱ्हाइके बनून केव्हाच दर काढून घेतात, हे त्याच्या पत्नीने वहीतील नोंदींनिशी शाबीत केले. शेवटी दोन खोल्यांच्या घराला इतक्यापासून, वाळवीला जागा पाहून, अशी तडजोड झाली. नुसतेच 'संपर्क साधा' लिहिणाऱ्या माणसाचा दर परवडणार नाही, असे मध्यमवर्गीय मनुष्य न विचारताच धरून चालतो. मी तरी धरतो.

यानंतर मी नेहमीच्या सवयीने मालकी हक्काकडे वळलो. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, कोणाच्या नावावर आहे? भाचा म्हणाला, "आपल्याच." कागद पाहता ते बाणेरकरांच्या नावावर निघाले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. बहुतेकांचे ते असेच करून देतात. परंतु पैसे एकाचे, वहिवाट एकाची आणि नोंद तिसऱ्याची, या पायावर या राज्यात किती पिढ्यांचे दावे चालू आहेत ते मला ठाऊक आहे. शिवाय हे नाव कोणी कायमचे विकत घेत नाही. एका वेळी फार तर 10 वर्षांपुरता पट्टा मिळतो, आणि नूतनीकरणाची नोटीस ज्याच्या पत्त्यावर जाते तोच खरा धनी. मी तत्काळ फेरफार करवून घेतला. निवृत्तीनंतर इतक्या जलद मंजूर झालेला फेरफार पाहून माझे डोळे भरून आले.

अभिप्रायांचा विभाग मात्र सर्वांना पुरून उरला. समाधानी ग्राहकांचे नाव, छायाचित्र आणि दोन ओळी असाव्यात, असा बाणेरकरांचा आग्रह, आणि तो तत्त्वतः रास्त. अडचण अशी, की नव्या सोफ्याविषयी मनुष्य आनंदाने बोलेल, पण त्या सोफ्यात ढेकूण होते हे छायाचित्रासह कोण कबूल करील? भाच्याचे ग्राहक तर गाडीवरसुद्धा नाव नको, आणि माणसांनी जिना चढताना हत्यारे पिशवीत ठेवावीत, अशी अट घालतात. एकाने उत्कृष्ट अभिप्राय लिहून दिला आणि खाली 'एक हितचिंतक' अशी सही केली, त्यामुळे त्याला निनावी अर्जाची कळा आली. अखेर आमच्या घराच्या चौकटीला वाळवी लागली असता भाच्यानेच काम केलेले असल्यामुळे ते कर्तव्य माझ्यावर आले. मी मसुदा केला : "काम समाधानकारक. धूळ अपेक्षेपेक्षा अधिक. मुदतीत पूर्ण. दर किंचित जास्त वाटले."

शेवटचे वाक्य गाळावे असे भाच्याचे आणि बाणेरकरांचे एकमत झाले. भाचेसून म्हणाली, "राहू द्या. मामांनी लिहिलंय असं वाटलं तर पाहिजे ना!" ते राहिले, आणि आता फोनवर हमखास त्याचीच चौकशी होते : ते दर जास्त वाटले म्हणणारे गृहस्थ खरेच आहेत का, आणि त्यांना नेमके किती पडले? पहिल्या प्रश्नाला ती होकार देते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता यावे म्हणून भाच्याने मला अजूनपर्यंत न पाठवलेले बिल परवा रीतसर, जावक क्रमांक घालून, पाठवून दिले.