संस्था वेळेत म्हातारी कशी करावी

संस्था काढणे कुणालाही जमते. तिला म्हातारपण आणायला मुरलेला सचिव लागतो. हे शिक्षण घ्यायला आमचे खापा उत्तम. कन्हानच्या काठी कोष्ट्यांच्या घरात एके काळी माग खटखटत. माग थांबले तरी शिक्के थांबत नाहीत.

तेव्हा आधी एक रजिस्टर सुरू करा आणि ते कशासाठी, हे कुठेही लिहू नका. एका विणकर सोसायटीत सुताच्या बंडलांची रोज नोंद व्हायची. सूत येणे बंद झाले, नोंद बंद झाली नाही. ‘आरंभीची शिल्लक निरंक, आवक निरंक, अखेरची शिल्लक निरंक.’ खाली दोन सह्या आणि गोल शिक्का. मी सचिवांना विचारले, तर म्हणाले, “बंद कराचं म्हनलं तर ठराव पाह्यजे ना भाऊ. आन् ठरावाले कोरम कुठून आनू?”

काम घटले की माणसे वाढवा. हे ‘पार्किन्सनचा नियम’ सांगणाऱ्या पार्किन्सनसाहेबांनी आकड्यांनी दाखवले आहे : १९१४ ते १९२८ या काळात ब्रिटिश आरमाराच्या मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या आणि कचेरीतले अधिकारी २,००० वरून ३,५६९ वर गेले. आमच्याकडे बंडले शून्य आणि सह्या दोन; प्रमाण काढायला गणितही पुरत नाही.

वाईट संगतीपासून, म्हणजे म्हातारे व्हायचे नाकारणाऱ्या संस्थांपासून, मात्र जपा. खाप्याजवळच गुमगावची मँगनीज खाण आहे. तिच्या कंपनीचा जन्म १८९६ चा. इंग्रजांची होती, १९६२ मध्ये सरकार भागीदार झाले, १९७७ मध्ये पूर्ण मालक, आणि २०१० मध्ये ती शेअर बाजारात उतरली. नाव बदलले, मालक बदलले, आणि खनिज खोल गेले तर ही बाई त्याच्यामागे जमिनीखाली गेली. या वयात हे शोभते का? नागपूरची एम्प्रेस मिलही (१८७७) तरुणपणी अशीच उनाड. लँकेशायरचे गिरणीवाले नाक मुरडत असताना सूतकताईच्या नव्या रिंग चात्या आणून बसली. पुढे २००२ मध्ये तिलाही कुलूप लागले, पण तोवर शंभरावर वर्षे वाया गेली होती.

एखादा नवा व्यवस्थापक जुने रजिस्टर बंद करायलाच निघाला, तर विरोध करू नका. त्याला समिती द्या. सोसायटीतल्या त्या रजिस्टरासाठीच्या समितीत मीही होतो. पहिल्याच बैठकीत इतिवृत्तासाठी दोनशे पानी नवे रजिस्टर घ्यायचे ठरले. कोरम पूर्ण होता.