आधी दात्याला बसवा

गोराई खाडीच्या पलीकडे एक संस्था आहे. तिथे आपण पाकीट काढले तर ती म्हणते, आधी बसा. सोनेरी घुमटाचा तो विपश्यना पॅगोडा: 325 फूट उंच, आत एकही खांब नाही, आणि आठ हजार माणसे एकदम डोळे मिटून बसतील एवढी जागा. 8 फेब्रुवारी 2009 रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याचे उद्घाटन केले. पॅगोड्याच्या आवारात धम्म पट्टण नावाचे केंद्र आहे. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात राहण्या-जेवण्याचा एक रुपया घेत नाहीत. खर्च दानावर चालतो. पण हे दान घेतात फक्त त्याच्याकडून, ज्याने निदान एक शिबिर पुरे केले आहे. मोबाइल जमा, तोंड बंद, पहाटे चारला घंटा. एवढे सोसूनही काही लाभले असे वाटले, तर मग काय द्यायचे ते द्या.

खाडीच्या अलीकडे, आमच्या गोराई म्हाडात, कारभार बरोबर उलटा आहे. इथे आधी पैसे जातात आणि संस्था काय करते ते मागाहून कळते. बहुतेक वेळा तेही नाही. बोरिवली स्टेशनच्या पुलावर लॅमिनेट केलेला फोटो, खाली फट पाडलेला खोका, खोक्यावर अनाथालयाचे नाव. ते अनाथालय कुठे आहे हे विचारायला थांबलात तर 8.52 ची फास्ट जाते. त्यामुळे आपण दहा रुपये टाकतो, पुण्य खिशात घालतो आणि विंडो सीट पकडतो. हल्ली खोक्यावर क्यूआर कोडही असतो. स्कॅन केल्यावर पडद्यावर संस्थेऐवजी एखाद्या भलत्याच गृहस्थाचे नाव येते. आपण ते वाचतो, क्षणभर थबकतो आणि पिन टाकतो. मागे लोक ढकलत असतात ना!

मॉलच्या दारातली मंडळी जास्त शिकलेली. टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. "सर, फक्त दोन मिनिटं." दोन मिनिटांनी आपल्या खात्यातून दरमहा आठशे रुपये जाण्याची सोय झालेली असते. तो मुलगा पुष्कळदा संस्थेचा नसतोच, निधी गोळा करून देणाऱ्या एजन्सीचा असतो. यात गुन्हा काही नाही. पण माझ्या पहिल्या वर्षाच्या पैशांतले एजन्सीला किती जाणार, हे विचारायला आपली जीभ रेटत नाही. दान देताना हिशेब विचारणे म्हणजे कोतेपणा, असे आपल्याला लहानपणीच पढवलेले. हेच आपण घरी मुलीला स्थळ आले की मुलाचा पगार, पगारातले हप्ते, काकांचे दुखणे आणि गावच्या जमिनीचा सातबारा, सगळे आठवड्यात काढतो.

आता देणाऱ्यांचा दुसरा प्रकार. आमच्या सोसायटीत एक सद्गृहस्थ आहेत. ते कोणालाही आंधळेपणाने देत नाहीत. डोळसपणेही देत नाहीत, पण तो पुढचा भाग. कोणी दान मागायला आले की ते त्याला चहा पाजतात आणि धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक विचारतात. क्रमांकाआधी 'ई' आहे की 'एफ', म्हणजे विश्वस्त संस्था आहे की सोसायटी, हे त्यांना तोंडपाठ. मग आयकर खात्याची 12ए नोंदणी, मग नीती आयोगाचा दर्पण क्रमांक, मग तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद. शेवटी देणाऱ्याला करसवलत मिळवून देणारे 80जी प्रमाणपत्र. स्वतः त्यांनी नवी करप्रणाली घेतली आहे, तिच्यात 80जीची वजावट मिळतच नाही. तरी तत्त्व म्हणून विचारतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, तेव्हा कोणत्या संस्थेला मदत द्यावी याचा त्यांनी कसून अभ्यास सुरू केला. पूर ओसरला, लोकांनी घरांतला चिखल काढला, अभ्यास अजून चालू आहे.

त्यांचा ठरलेला आक्षेप म्हणजे, "प्रशासकीय खर्च फार आहे हो!" माझा रुपया पुराच्या पुरा मुलाच्या ताटात पडला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. ते ताट वाढणारी बाई, खिचडीचा गॅस, मुलांना शिकवणारा मास्तर आणि ज्या ताळेबंदासाठी हे अडून बसतात तो तयार करणारा हिशेबनीस, ही सगळी मंडळी हवेवर जगतात अशी त्यांची समजूत असावी. मला विचाराल तर, पगार नीट दाखवणाऱ्या संस्थेपेक्षा पगाराच्या रकान्यात शून्य आणि 'इतर खर्चा'त सात आकडे दाखवणारी संस्था मला जास्त घाबरवते.

खरे तर चौकशी एका संध्याकाळची. आपल्याकडे 1950 पासून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा कायदा आहे, वरळीला धर्मादाय आयुक्तांची इमारत आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावर संस्थेचे नाव शोधता येते. विश्वस्तांची यादी पाहा. अध्यक्ष नवरा, सचिव बायको आणि खजिनदार मेहुणा असेल तर तो संसार आहे, संस्था नव्हे. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. काही संस्थांत मात्र स्वर्गवासी विश्वस्तही कागदोपत्री कार्यरत असतात. मग एकदा संस्थेत जाऊन यावे. मुले आहेत का, जेवतात का, आणि पाहुणे आलेत म्हणून त्यांना रांगेत उभे करून गाणे म्हणायला लावतात का. शेवटचे उत्तर 'हो' आले तर आणखी दोन प्रश्न विचारावेत.

एवढीही सवड नसलेल्यांची सोय मराठी माणसांनीच केलेली आहे. 'लोकसत्ता'चा 'सर्वकार्येषु सर्वदा' उपक्रम गणेशोत्सवाच्या दिवसांत वाचकांना दहा संस्थांची ओळख करून देतो. पुण्यात पितृपंधरवड्यात 'देणे समाजाचे' हे प्रदर्शन भरते. तिथे संस्थांचे कार्यकर्ते समोर बसलेले असतात, त्यांना तोंडावर विचारता येते. पितरांच्या निमित्ताने जिवंत माणसांची चौकशी होते, हे काय थोडे झाले?

राहता राहिली गणपतीची वर्गणी. मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणी गोळा करण्याआधी त्याच विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. ती दाखवा म्हणायचे धैर्य आमच्या गल्लीत कोणाकडे नाही, कारण पावतीपुस्तक घेऊन येणाऱ्या पोरांना आपली स्कूटर कुठे उभी असते ते ठाऊक असते. तिथे सद्गृहस्थही मुकाट्याने पाचशे एकची पावती फाडून घेतात.

तेव्हा वाचकहो, क्रमांक विचारा, हिशेब मागा, संस्था बघून या. आणि सगळे जागच्या जागी निघाले तर पैसे द्या. हे शेवटचे कलम आमच्या सद्गृहस्थांच्या अजून वाचनात आलेले नाही.