खुर्चीत बसून ताशी तीनशे

सर्वप्रथम खुर्ची तपासा. चाकांची असेल तर चाकांखाली काहीतरी अडकवा. वळणावर तुम्ही अंगाने झुकणारच; त्याने पडद्यावरची गाडी तसूभरही वळत नाही, खुर्ची मात्र वळते. झुकणं सोडायच्या भानगडीत पडू नका. मुरलेले लोकही झुकतात, फक्त कबूल करत नाहीत.

अभ्यासाला ‘नीड फॉर स्पीड : मोस्ट वाँटेड’ ही व्हिडिओ गेम घ्या, पण २००५ची. त्याच नावाची २०१२चीही आहे. ती हातात देणाऱ्या मित्राशी वाद घालू नका, मित्र बदला. कथानक एवढंच : रेझर नावाचा इसम तुमच्या बीएमडब्ल्यूत घातपात करून शर्यत जिंकतो, गाडी बळकावतो आणि तिच्याच जोरावर रॉकपोर्ट शहरातल्या पंधरा बेकायदा शर्यतबाजांच्या यादीत पहिला जाऊन बसतो. तुम्ही पंधराव्याच्याही खाली. खिशात पैसे बेताचे, त्यात फियाट पुंटोसारखं काहीतरी येतं. नाक मुरडू नका.

आता वेग. नवशिका काट्याकडे बघत बसतो. काटा बघून कोणाच्या पोटात गोळा आलाय? कॅमेरा बदलायची कळ शोधा. गाडीच्या मागून, उंचावरून पाहिलं तर दोनशेचा वेगही शतपावलीसारखा वाटतो. बंपरवरचा कॅमेरा लावा आणि तोच दोनशे बघा : डांबर नाकाला लागतं, खांब कानाजवळून जातात. डोळा वेग जोखतो तो जवळच्या वस्तू किती झपाट्याने मागे पळतात त्यावरून. लांबचा डोंगर दोनशेलाही जागेवरच असतो. म्हणून रुंद, मोकळा रस्ता थराराला मारक. ट्रकांच्या मधून, उलट्या दिशेने घुसा. गाडीला जादा वेगाचा झटका देणारा नायट्रो दाबलात की चित्राच्या कडा फराट्यासारख्या ओढल्या जातात, कॅमेरा थरथरतो. ही करामत प्रोग्रॅमरची, पण श्रेय बेलाशक तुम्ही घ्या.

ब्रेकचीही एक कळ असते. असू दे. वळणाला भिंत असते, तिला घासत निघा. काच तडकते, रंग खरवडतो, इंजिनाला ढिम्म काही होत नाही.

आघाडी मिळाली म्हणून माजू नका. तुम्ही फार पुढे गेलात की मागच्यांना अचानक बळ येतं आणि तुम्ही मागे पडलात की तेच मवाळ होतात. शर्यत चुरशीची राहावी म्हणून केलेली ही सोय आहे. परिणामी दोन फेऱ्या निर्दोष चालवून शेवटच्या वळणावर टॅक्सीला धडकलेला माणूस चौथा येतो. कीबोर्ड आपटू नका, तो खराखुरा आहे.

‘स्पीडट्रॅप’ शर्यतीत मराठी माणसाला संस्कार आडवे येतात. इथे वाटेवरचे कॅमेरे तुमचा वेग टिपून बेरीज करतात आणि मोठी बेरीज जिंकते. एक्स्प्रेसवेवर कॅमेरा दिसताच दचकणाऱ्या पायाला इथे उलटं शिकवावं लागेल. चलन येत नाही.

पोलीस मात्र येतात. आधी एक गाडी, मग ताफा, अंगावर चालून येणाऱ्या धिप्पाड जीपा, रस्त्यावर खिळ्यांच्या पट्ट्या, डोक्यावर हेलिकॉप्टर. डोनटच्या दुकानावरचं अवाढव्य डोनट पाडून ताफा चेपता येतो. हे एकदा तरी कराच. पण खरी परीक्षा पाठलाग तुटल्यावर. आता एखाद्या आडोशाला गाडी उभी करून, पोलिसांनी नाद सोडल्याचं दाखवणारी पडद्यावरची पट्टी भरेपर्यंत गप्प बसायचं. तीनशेने जाताना जे हात शांत होते त्यांना इथे घाम फुटतो. नेमकी त्याच वेळी आई जेवायला हाक मारते. ‘आले’ म्हणा, हलू नका.

शेवट सांगून टाकतो. वीस वर्षांनी गुपित कसलं? रेझरला हरवलंत की बीएमडब्ल्यू परत मिळते आणि अख्खं पोलीस खातं मागे लागतं. बराच वेळ तग धरा, मग कथेत तुम्हाला मदत करणाऱ्या मियाचा फोन येईल : शहराबाहेर पडायला एक जुना, तुटका पूल आहे. पूल दिसला की नायट्रो पूर्ण दाबा, आणि खुर्चीचा हात धरून ठेवा.