जॉर्डनधारी दाजी

नृसिंहवाडीत देव पादुकांच्या रूपात आहे आणि त्याच्या दर्शनाला जायचं तर आपलं पायताण बाहेर काढावं लागतं. आमच्या दाजींचं घोडं अडतं ते नेमकं इथंच.

दाजी म्हणजे ताईचे मिस्टर, मुक्काम कोल्हापूर. पौर्णिमेला दोघं जोडीनं वाडीला येतात, पण दर्शन पाळीपाळीनं. आधी ताई आत जाते, दाजी बाहेर बूट राखत बसतात. ती आली की बूट तिच्या ताब्यात देऊन हे आत. चप्पल स्टँडवर त्यांचा विश्वास नाही. "तिथं बुटावर बूट रचतात ओ, क्रीज पडते." क्रीज म्हणजे बोटांपाशी चामड्याला पडणारी सुरकुती. ती पडू नये म्हणून दाजी बुटाच्या पुढच्या भागात प्लॅस्टिकचा साचा घालून चालतात. मग पाऊल वाकत नाही. सबंध तळवा उचलायचा, सबंध तळवा टेकवायचा. पेढ्यांच्या दुकानांमधून ते असे निघाले की नवखे भाविक पाय अधू आहे समजून वाट करून देतात.

बूट कुठला, हे विचारायची सोय नाही. विचारलं की पुराण लागतं. "कन्व्हर्सचा ऑल स्टार, 1917. काढला बास्केटबॉलसाठी. चक टेलर नावाचा खेळाडू कंपनीचा सेल्समन झाला, गावोगाव शिबिरं घेत बूट खपवत हिंडला, म्हणून बुटावर त्याची सही आली." इथवर आई बासुंदीची वाटी पुढं करते. दाजी वाटी घेतात आणि 1985 वर येतात. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचा काळा-लाल बूट. एनबीएच्या, म्हणजे तिथल्या बास्केटबॉल लीगच्या, नियमात रंग बसेना, बंदी आली. नायकीनं त्या बंदीचीच जाहिरात केली आणि पोरं दुकानांवर तुटून पडली. आता जाणकार म्हणतात, एनबीएचं पत्र आलं ते बहुधा एअर शिप नावाच्या वेगळ्याच बुटावरून. हे मी दाजींना सांगून बघितलं. "पुराणातल्या तारखा तपासतोस होय रे?" म्हणाले. आमचं गावच पोथीवर चालणारं. मी काय बोलणार?

अण्णांच्या, म्हणजे दाजींच्या सासऱ्यांच्या, लेखी खेळाचा बूट एकच, बाटाचा पांढरा कॅनव्हास. 1936 साली कलकत्त्याजवळच्या बाटानगरात शाळकरी पोरांच्या कवायतीसाठी निघाला. पीटीच्या आदल्या रात्री ओला खडू फासायचा, झाला नवा. "त्याला सुरकुती पडायची नाही का अण्णा?" दाजींनी विचारलं. "पडायची सवड कुठली? आधी भोकच पडायचं."

पावसाळ्यात कृष्णा चढते, पाणी पादुकांवरून वाहत मंदिराच्या दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नानाला झुंबड उडते. एकदा ताईलाही स्नान करायचं होतं, त्यामुळं बूट राखायला कुणी उरलं नाही. दाजी गुडघाभर पाण्यात दोन्ही हातांनी जॉर्डन डोक्यावर धरून उभे. मागून एक आजी म्हणाल्या, "बाई बाई, भरतच की ओ!"

लग्नात अण्णांनी जावयासाठी खास कापशी, म्हणजे कोल्हापुरीतलाच एक प्रकार, चप्पल करवून घेतली होती. दाजींनी ती गावठी म्हणून इथंच टाकली. 2019 साली कोल्हापुरीला जीआय मानांकन मिळालं, तेव्हाही ते हलले नाहीत. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं तसलीच चप्पल, आधी कोल्हापूरचं नावही न घेता, मिरवली आणि दुसऱ्याच दिवशी दाजींचा फोन आला, "ती कापशी आहे का?"

ती अण्णांनी कधीच आमच्या गड्याला देऊन टाकली होती. ती घालून तो गल्लीत शिरला की करकर पार कोपऱ्यापर्यंत ऐकू येते. दाजी तडक वाडीला आले. पैसे देऊ केले, गडी बधेना. शेवटी दाजींनी काळीज घट्ट केलं, प्लॅस्टिकचे साचे काढले आणि जॉर्डन त्याच्यापुढं ठेवले. अदलाबदल!

गड्यानं बूट चढवले. अंगणात चार पावलं चालला, थांबला, मान कलती करून कानोसा घेतला, पुन्हा चार पावलं चालला.

"नको दाजी," बूट काढत तो म्हणाला, "ह्यो वाजत न्हाई."