कुंड्यांचे पाटबंधारे खाते

फुलांनी लगडलेलं ऑर्किड दाखवलंत तर काका "छान आहे" म्हणतात आणि घड्याळात बघतात. त्याच ऑर्किडची पानं लोंबू लागली, कुंडीला कुबट वास येऊ लागला, की काका खुर्ची पुढे ओढून बसतात. "पाणी कोण घालतं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. तो अशा आवाजात येतो, की घरातले सगळे एकमेकांकडे बघायला लागतात.

असा एक गृहस्थ हल्ली बऱ्याच सोसायट्यांत असतो. निवृत्त, काटक, माणसांच्या आजारपणाला कंटाळणारा आणि झाडांच्या आजारपणावर पोसलेला. कोथरूडच्या आमच्या सोसायटीतले काका पाटबंधारे खात्यातले. सगळी नोकरी लोकांना पाणी सोडण्यात गेली. आता पेन्शनवर बसून ते लोकांचं पाणी तोडतात.

आणि बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघतं, हा आमचा खरा त्रास. वाढदिवसाला भेट येणारं ते पांढऱ्या-जांभळ्या फुलांचं फॅलेनॉप्सिस घरात येतं आणि लाडाने मरतं. पान सुरकुतलं की घरचे म्हणतात तहान लागली, आणि वर आणखी एक तांब्या ओततात. तहान लागलेली असतेच. पण पाणी ओढणारी मुळं केव्हाच कुजलेली असतात. काकांच्या भाषेत कुंडी 'चिबड' झालेली असते. मग कालव्याच्या मुबलक पाण्याने ऊसपट्ट्यातल्या चांगल्या काळ्या जमिनी कशा वाया गेल्या, हे सविस्तर येतं. झाड घेऊन आलेल्या वहिनींना एवढंच हवं असतं, की झाड जगेल का. पण त्याआधी नीरा डावा कालवा ऐकावा लागतो.

शस्त्रक्रिया जेवणाच्या टेबलावर होते, कारण उजेड तिथे बरा. काकू पोळ्या थांबवतात. कात्रीचं पातं स्पिरिटने पुसायचं, जुना भुसा झटकायचा, मुळं नळाखाली धुवायची आणि मग एकेक मूळ चिमटीत धरून दाबायचं. घट्ट लागलं तर जिवंत. पिचकलं, तपकिरी पाणी सुटलं, वरचं साल सरकून हातात नुसता मधला दोरा राहिला, तर गेलं. या वेळी काका कुणाशी बोलत नाहीत. रंगावर त्यांचा विश्वास नाही. चांगलं मूळ कोरडं असताना रुपेरी आणि भिजल्यावर हिरवं दिसतं हे खरं, पण कुंडीच्या अंधारात पिवळट पडलेलं मूळही कधी ठणठणीत असतं, आणि तेच कापलं जातं, म्हणून ते दोनदा दाबतात. मग हाक येते, "अहो ऐकलंत का, दालचिनी!"

ही दालचिनीची पूड कापलेल्या टोकाला लावायची, बुरशी चढू नये म्हणून. फक्त टोकाला; सबंध मुळाला फासली तर ती चांगलं मूळही वाळवते. काकूंच्या मसाल्याच्या डब्यातली ती वाटी कायम रिकामी असते आणि त्यांच्या पुलावाला कसलाच वास येत नाही, हे आम्ही सगळे जाणतो, पण तिथे जेवायला बसल्यावर बोलत नाही.

पुढची पायरी क्रूर आहे. मुळं तीन उरलीत, पानं दोन, आणि दांड्यावर चार फुलं मात्र अजून हसताहेत. काका दांडा बुंध्यापाशी कापतात.

"अहो काका, ती तर जिवंत होती!"

"वहिनी, घरात कर्ज आणि दारात मांडव?"

दांडा वहिनी पेल्यात घालून घरी नेतात. रोगी काकांकडे राहतो. पारदर्शक डबा, तळाला घट्ट पिळलेलं स्फॅग्नम शेवाळ, वर टेकवलेलं झाड, झाकण किंचित उघडं. ऊन नाही, खत नाही. जागा न्हाणीघराची खिडकी, त्यामुळे काकूंच्या माहेरची माणसं हल्ली लॉजवर उतरतात. महिना जातो, तीन जातात, काही होत नाही. काका रोज भिंग घेऊन जातात. मग एक दिवस सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतो: दोन सुरकुतलेली पानं, आणि खाली "नवीन मूळ, ३ मिमी." ते मूळ काकांशिवाय कुणालाच दिसत नाही. खालून लगेच चार 'भावपूर्ण श्रद्धांजली' येतात.

पावसाळ्यात ते आम्हाला एकदा आंबोलीला घेऊन गेले. आंब्याच्या फांदीवर आमरी, म्हणजे रानातलं ऑर्किड, चिकटलेली, मुळं उघडी, वरून धो धो पाऊस. कुणीतरी "हे बांडगूळ" म्हणालं आणि गाडी अर्धा तास तिथेच उभी राहिली. बांडगूळ झाडाचा रस पितं, आमरी नुसती बसायला जागा घेते, हे छत्रीशिवाय ऐकून झाल्यावर काकांनी मुद्द्यावर बोट ठेवलं: चार महिने हा असा पाऊस, तरी मुळं कुजत नाहीत, का? कारण पाणी येतं आणि जातं, मागून वारा लागतो. पाण्याने मूळ मरत नाही, कोंडल्याने मरतं. भिजत उभं राहून का होईना, हे मला पटलं.

परत आल्यावर त्यांनी सोल्डरिंगची सळई तापवून सगळ्यांच्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांना भोकं पाडली. धूर सोडत, खडकवासल्याला विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली आपोआप उघडणारे दरवाजे कसे बसवले ते सांगितलं. आत नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि लोणारी कोळसा भरला. प्रत्येक कुंडीला 'आवर्तन' ठरवून दिलं: मुळं रुपेरी दिसली तरच पाणी, तेही सकाळी, आणि पानांच्या बेचक्यात थेंब राहता कामा नये. मुदतीआधी पाणी घालणाऱ्याला विनापरवाना उपसा केल्याचा शेरा मिळतो.

बरं झालेलं झाड मात्र ते घरात ठेवत नाहीत. पहिली कळी दिसली की रंगीत कागदात बांधून कुणाला तरी देऊन टाकतात. आम्हाला हा मनाचा मोठेपणा वाटायचा. परवा काकूंनी यादीच वाचून दाखवली: तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा, जे दिवसातून दोनदा पाणी घालतात, बी विंगमधल्या मॅडम, ज्या वरून बर्फाचे खडे ठेवतात, आणि ते जोशी, ज्यांच्याकडे निवडुंगही कुजला.

"मुद्दाम अशांनाच देता ना?" काकूंनी विचारलं.

काकांनी कात्री पुसली. "मग काय, नीट पाणी घालणाऱ्यांना देऊ? ती झाडं परत येतात का कधी?"