प्रश्न उद्भवत नाही

विधानमंडळात कारकून किती असावेत, याबद्दल राज्यघटना शहाण्या माणसासारखी गप्प आहे. १८७व्या अनुच्छेदात एवढंच म्हटलंय की प्रत्येक सभागृहाचा स्वतंत्र कर्मचारीवर्ग असेल, आणि जिथे विधान परिषदही आहे तिथे दोघांत सामाईक पदं निर्माण करायला हरकत नाही. आपल्याकडे विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८, अशा सगळ्यांचा कागद एकच सचिवालय सांभाळतं. आमदारांचा आकडा पक्का. कारकुनांचा मात्र आकृतिबंधावर. आकृतिबंधाला तीन रकाने असतात: मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे. तिसऱ्या रकान्यातलं काम दुसऱ्या रकान्यातली माणसं ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून करतात, आणि पहिला रकाना वित्त विभागाला आवडत नाही.

यवतमाळात या विषयावर कोणीही, केव्हाही बोलायला तयार असतो. जिल्ह्यातून सात आमदार जातात. वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री एकट्या पुसदने दिले. त्यामुळे राज्य कसं चालवावं याचा सल्ला देणं हा आमच्याकडे हक्कच समजला जातो. कचेरीजवळच्या चहाच्या टपरीवर परवा एक कापूस व्यापारी तावातावाने म्हणाले, “निम्मे काढून टाका ना जी! काय फरक पडते?” बाजूला बशीत चहा ओतत बसलेले निवृत्त अव्वल कारकून मान वर न करता म्हणाले, “काढाले निम्मे आहेत कुठी, भाऊ?”

या गृहस्थांचा अनुभव मोठा. अधिवेशन मुंबईत भरतं, पण धाप लागते ती तालुक्याला, असं त्यांचं म्हणणं. समजा, झरी जामणीकडच्या एखाद्या अर्धवट रस्त्यावर आमदारांनी तारांकित प्रश्न टाकला. ‘सदर रस्त्याचे काम रखडले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ विधानमंडळ सचिवालयात हा कागद नियमांत बसवून पाहतात आणि संबंधित विभागाकडे धाडतात. विभाग मुख्य अभियंत्याला, मुख्य अभियंता अधीक्षकाला, अधीक्षक कार्यकारी अभियंत्याला, आणि तिथून उपविभागातल्या एका टेबलापर्यंत. त्या टेबलावर एकच लिपिक, दोन टेबलांचा कार्यभार घेऊन बसलेला. कागदावर लाल शाईत ‘विधानसभा – अति तातडीचे’. शिवाय तोच कागद मोबाइलवर तीन वेगवेगळ्या साहेबांकडून, प्रत्येकाखाली ‘आजच’. बिचाऱ्याने पोरीच्या साक्षगंधासाठी टाकलेली रजा पहिल्यांदा उडते. मग तो जुनी फाइल काढतो, मोजमाप पुस्तिका उलटतो आणि टाइप करतो: ‘(१) हे अंशतः खरे आहे. (२) होय. (३) प्रश्न उद्भवत नाही.’ आल्या वाटेने उत्तर परत चढतं. प्रत्येक पायरीवर एकेक सही वाढते, मजकूर तोच राहतो. सभागृहात मंत्री ते वाचतात तेव्हा छापलं जातं ‘शासनाचे उत्तर’. लेखक कोण, ते कार्यवृत्तात कुठेच नसतं.

वऱ्हाडातल्या कारकुनाच्या लेखणीला तसा इतिहास आहे. इंग्रजी अमदानीत वऱ्हाड कायद्याने निजामाचं, कारभार इंग्रजांचा. त्यामुळे १९१९च्या कायद्यानंतर इथले लोकप्रतिनिधी निवडून यायचे खरे, पण कागदोपत्री सरकारने ‘नियुक्त’ केलेले असायचे. वणीचे लोकनायक बापूजी अणे मध्यवर्ती कायदेमंडळात गेले ते याच चमत्कारिक वाटेने. इंग्रजांशी भांडायला लोकांनी पाठवलेला माणूस, आणि नेमणुकीचा कागद इंग्रजांच्याच दफ्तरातून! तो कागद लिहिणारा कारकून गालात हसला असेल, असं मला आपलं वाटतं.

आता हिवाळ्यात विधानमंडळाचं दफ्तर मुंबईहून नागपूरला येतं. १९५३च्या नागपूर कराराने वर्षातून एक अधिवेशन नागपूरला ठरलं, आणि १९६०मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यापासून फायली, गठ्ठे आणि लघुलेखक यांची ही वारी चालू आहे. टीकाकार खर्च मोजतात. मी मात्र त्या बाजूचा नाही. मुंबईच्या कारकुनाने वर्षातून एकदा संत्र्याच्या गावची थंडी खाल्लीच पाहिजे, म्हणजे पांढरकवड्याची फाइल पुन्हा हातात आली की निदान नकाशा तरी डोळ्यासमोर येईल.

टपरीवर एक मुलगी पार्सल चहासाठी उभी होती. पाठीवर सॅक, हातात लिपिक-टंकलेखक परीक्षेची प्रश्नसंच पुस्तिका, समोरच्या अभ्यासिकेतली. व्यापाऱ्यांनी तिलाच पंच केलं. “काय वं बाई, किती कारकून पाह्यजेत विधान भवनात?”

“काकाजी, मराठीचा तीसचा स्पीड माझा केव्हाच झाला,” ती म्हणाली. “जाहिरात किती पदांची निघते तेवढं सांगा.”

व्यापारी हसले. अव्वल कारकुनांनी मात्र बशी खाली ठेवली आणि गंभीरपणे चौकशी सुरू केली, “इंग्रजी चाळीसची झाली का नाही? दोन्ही काढून ठेव बेटा. अन् गावाचं नाव विचारलं तर मुंबईच लिहिजो. तालुक्यात आली तर दोन टेबलं भेटतीन.”