गुडघ्याखाली चार बोटं

माझी उंची पाच फूट. लग्नाच्या बायोडेटात आईने तिच्यात दोन इंचांची भर घातली आहे आणि त्या दोन इंचांची जबाबदारी परस्पर माझ्या सँडलवर सोपवली आहे. एरवी या पाच फुटांबद्दल माझी काही तक्रार नसते. बसमधल्या वरच्या दांडीला हात पोचत नाही हे खरं, पण माळ्यावरचे डबे काढायला मला कुणी सांगत नाही. फिटंफाट. कुडता घ्यायला निघाले की मात्र घोटाळा सुरू होतो.

कारण तयार कुडते माझ्यासाठी शिवलेले नसतात. ज्या मुलीसाठी शिवलेले असतात तिचा फोटो तिथेच असतो आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'मॉडेलची उंची ५ फूट ८ इंच'. तिच्या अंगावर ४६ इंची कुडता पोटरीच्या जरा खाली थांबतो. खाली निमुळती पॅन्ट दिसते, घोटा दिसतो, मोजडी दिसते, मोजडीखालची संगमरवरी फरशीसुद्धा दिसते. आता माझं गणित बघा. खांद्यापासून जमिनीपर्यंत माझं एकूण भांडवल ५० इंचांच्या आसपास. त्यातले ४६ कुडत्याने नेले की उरतात चार. त्या चार इंचांत पॅन्ट, पाय, पैंजण आणि व्यक्तिमत्त्व एवढं सगळं मला बसवायचं असतं.

बरं, ही खालची कड एका जागी स्वस्थ राहिली असती तर एकदाच काय ते कापून घेतलं असतं. ती राहत नाही. २००५ साली 'बंटी और बबली' आला. राणी मुखर्जीने कॉलरवाला आखूड कुडता आणि खाली पतियाळा घातला, तर आमच्या घरातल्या झाडून सगळ्या ताया कॉलर ताठ करून हिंडायला लागल्या. दोन वर्षांनी 'जब वी मेट'मध्ये करीनाने पतियाळ्यावर चक्क टी-शर्टच चढवला. पतियाळ्याच्या एकेका पायात कापड जातं किती, हे बघून आजी म्हणाली होती, "यात आणखी एक माणूस राहील, भाडं देऊन." आखूड कुडत्याचं हे प्रकरण जरा अंगवळणी पडतंय तोवर अनारकली आली. कळ्या लावून लावून घेर वाढवलेला आणि उंची घोट्यापर्यंत. म्हणजे इतरांच्या घोट्यापर्यंत. चुलतबहिणीची अनारकली मला मिळाली तेव्हा मी ज्या ज्या हॉलमधून गेले तिथली फरशी पुसून निघाली. मग पलाझो आले, सरळ कुडते आले, पुढून आखूड नि मागून लांब असे कुडते आले. त्यांना पाहून आजीने शिंप्याला कापड कमी पडलं का, असं अगदी आपुलकीने विचारलं. आता तर कटांना मालिकेतल्या आणि सिनेमातल्या मुलींची नावं असतात. नायरा कट, आलिया कट. आणि सध्या पुन्हा आखूड कुडता, खाली रुंद पॅन्ट. तायांनी माळ्यावर टाकलेली कॉलर परत खाली येणार असं दिसतंय.

हे सगळं ठरवतं कोण, असा प्रश्न मला फार वर्षं पडला होता.

उत्तर शोधत गेले ती थेट पॅरिसला पोचले. तिथे फेब्रुवारी १९४७ मध्ये ख्रिश्चन दिऑर या फॅशन डिझायनरने बायकांचे स्कर्ट एकदम खाली, पार पोटऱ्यांपर्यंत आणले. एकेका घेराला मीटरच्या मीटर कापड. युद्ध नुकतं संपलेलं, कापडाची टंचाई, लोक जुन्या पडद्यांचे फ्रॉक शिवत होते आणि इथे ही उधळण! पॅरिसच्याच एका भाजीबाजाराच्या रस्त्यावर या नव्या पोशाखाचे फोटो काढायला गेलेल्या मॉडेलवर बायका तुटून पडल्या आणि त्यांनी तिचे कपडे ओढून फाडले. अमेरिकेत डॅलसच्या बायकांनी तर 'लिटल बिलो द नी क्लब' काढला. मागणी काय, तर स्कर्ट गुडघ्याच्या जरासाच खाली असू द्या, आणखी खाली ओढू नका. लांबी वाढवली म्हणून बायकांनी क्लब काढावा, ही बातमी मी आईला वाचून दाखवली. आमच्या खानदानात आजवर जेवढी भांडणं झाली ती सगळी उलट दिशेची. आई म्हणाली, "त्यांच्याकडे थंडी असते ना गं? मग?"

पुढे लंडनच्या किंग्ज रोडवर १९५५ मध्ये दुकान थाटलेल्या मेरी क्वांटने १९६० च्या दशकात स्कर्ट मांडीपर्यंत वर नेला आणि आपल्या आवडत्या मोटारीवरून त्याचं नाव 'मिनी' ठेवलं. म्हणजे वीसेक वर्षांत कड पोटरीवरून निघून मांडीपर्यंत पोचली. या चढउताराचा संबंध बाजारातल्या तेजीमंदीशी लावणारी एक कल्पना आहे आणि ती जॉर्ज टेलर नावाच्या अमेरिकी अर्थतज्ज्ञाच्या नावावर खपते. तेजी आली की स्कर्ट वर, मंदी आली की खाली. टेलर आडनावाच्या माणसाला आणखी सुचणार तरी काय? त्याचा खरा अभ्यास होता १९२० च्या दशकातल्या लांब मोज्यांच्या धंद्याचा, पण मोज्यांची गोष्ट लोकांनी सोडून दिली आणि स्कर्टची उचलली. २०१० साली रॉटरडॅमच्या विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी १९२१ पासूनचे आकडे मांडून हे तपासलं. संबंध आहे म्हणाले, पण कड अर्थव्यवस्थेच्या साधारण तीन वर्षं मागून चालते. मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली केला, चष्म्यावरून माझ्या घोट्यापर्यंतच्या कुडत्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे हे तीन वर्षांपूर्वीचं. मग एसआयपी चालू ठेवतो."

आपल्याकडे मात्र या कल्पनेची डाळ शिजणार नाही. आपल्या कडेची चालच वेगळी. माझी पणजी कोकणात भात लावायला चिखलात उतरायची ती नऊवारीचा कासोटा घट्ट मारून, लुगडं गुडघ्यांवर खोचून. मुंबईच्या कोळणींचं लुगडंही कामापुरतं वरच नेसलेलं. पोटऱ्या उभ्या गावाला दिसायच्या आणि गावाला त्याचं काही वाटायचं नाही, कारण गावालाही भातच लावायचा असायचा. मग शहरात पाचवारी-सहावारी आली, गोल पातळ नेसायची पद्धत पडली. घोटेसुद्धा झाकले गेले. आता तरी जुन्या बायकांना समाधान वाटावं की नाही? छे. त्यांना तेच फॅशनेबल आणि थिल्लर वाटलं. कासोटा सोडला म्हणजे सगळंच सोडलं! तेव्हापासून माझी खात्री आहे की आपल्या लोकांना लांबीचं काही पडलेलं नसतं. काल होतं तेवढंच आज असावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा असते.

बाबांच्या धाकट्या मावशीचा एक कृष्णधवल फोटो आमच्याकडे आहे. तो 'वक्त' सिनेमा येऊन गेल्यानंतरचा. 'वक्त' १९६५ चा. त्यात साधनाने घातलेले घट्ट चुडीदार-कुडते भानू अथय्यांचे. त्या आपल्या कोल्हापूरच्या, पुढे १९८३ मध्ये 'गांधी'साठी ऑस्कर घेणाऱ्या. फोटोतल्या मावशीआजीने तसाच कुडता शिवून घेतला आहे. गुडघ्यापर्यंत उंची, अंगाला चिकटलेला, कपाळावर साधना कट. दिसते झकास. पण त्या कुडत्यात पाऊल वीतभरच पडायचं आणि पुण्याच्या पीएमटी बसची पायरी चढायला कुणाचा तरी हात लागायचा. तो हात बहुतेकदा एकाच मुलाचा असायचा, पुढे ते आमचे मावसआजोबा झाले. यापेक्षा जास्त चांगला दिसणारा पोशाख कुठला असतो, हे मला कुणी सांगावं.

माझ्या वेळी शाळेत गणवेशाचा स्कर्ट गुडघ्याखाली चार बोटं असा नियम होता. बोटं कुणाची, हे नियमात नव्हतं. आमच्या बाईंचा पंजा रुंद होता. शंका आली की त्या जमिनीवर गुडघे टेकून बसायला लावत; स्कर्टची कड फरशीला टेकली तर पास. घराघरातल्या आयांनी यावर उपाय काढलेला होता. जूनमध्ये स्कर्ट घेतानाच खाली चांगली जाड दुमड ठेवायची आणि पुढच्या जूनमध्ये ती उसवून खाली सोडायची. वर्षभर धुऊन विटलेला निळा, मग जुन्या दुमडीची घट्ट पांढरट रेघ आणि तिच्याखाली कोऱ्या कापडाचा गडद निळा पट्टा. वर्गातल्या कुठल्या मुलीची उंची यंदा किती वाढली ते त्या पट्ट्यावरून कळायचं. माझी रेघ सातवीनंतर हलली नाही.

आता कुणी स्कर्टची परीक्षा घेत नाही, तर सल्ले देतात. मोबाईल उघडला की कुणीतरी हसऱ्या चेहऱ्याने विचारतं, तुम्ही सफरचंद की नासपती? मंडईत उभं राहिल्यासारखं वाटतं, फक्त भाव आपलाच होत असतो. नासपतींनी कुडता लांब घालावा म्हणतात. बुटक्यांनी आखूड घालावा म्हणतात. बुटक्या नासपतीने बहुधा घरीच बसावं. उभ्या रेघा घाला, एकाच रंगाचं घाला, बेल्ट लावा, बेल्ट अजिबात लावू नका. शेजारच्या काकूंचा सल्ला सगळ्यांत सोपा. "तू साडीच नेस बाई, साडीत सगळ्या छान दिसतात." हे त्या मला कशातही पाहिलं की म्हणतात, साडीत पाहिलं तरी.

कामाची गोष्ट मला सांगितली ती सदाशिव पेठेतल्या आमच्या टेलर मास्टरांनी. बोळात एक शटर, आत शिलाई मशीन, भिंतीला खिळ्यावर मापाचे ड्रेस आणि पुठ्ठ्यावर 'अर्जंट विचारू नये' अशी पाटी. मास्टर फारसे बोलत नाहीत, कारण तोंडात टाचण्या असतात. मी ऑनलाइनचा तो ४६ इंची कुडता घालून आरशासमोर उभी राहिले. त्यांनी गुडघ्यावर बसून कड आधी गुडघ्याच्या दोन बोटं खाली दुमडली, टाचण्या लावल्या आणि मागे सरकून पाहिलं. मग त्या काढल्या, पोटरीच्या मधोमध लावल्या. "बघा," म्हणाले. बघितलं तर आरशातली मुलगी आडवी झाली होती. मास्टरांनी टाचण्या तोंडातून काढल्या, म्हणजे आता महत्त्वाचं बोलणार.

"ताई, कड म्हणजे आडवी रेघ. नजर चालत चालत येते आणि रेघेवर थांबते. जिथं थांबली तिथलं जाड असलं की सगळंच जाड दिसतं. पोटरी मधे भरलेली असते, तिथं कधी संपवायचं नाही. वर जिथं गुडघ्याखाली पाय निमुळता होतो तिथं संपवा, नाहीतर पार खाली घोट्याच्या वर. आखूड शर्ट करायचा तरी सीटच्या बरोबर मधे रेघ नको. थोडा वर नाहीतर थोडा खाली."

एवढंच. राणी मुखर्जीचा कुडता आमच्या अर्ध्या तायांना का शोभला नाही, हेही तिथेच कळलं. बरोबर सीटच्या मधोमध संपायचा तो. मी विचारलं, मग हे फॅशनमधलं लांब-आखूड? मास्टर म्हणाले, "ते येतं-जातं. पोटरी जागेवरच असते." आणि टाचण्या परत तोंडात.

त्यांनी कुडता ३८ इंचांवर आणला, कट त्याच बेताने वर घेतले. ते फार महत्त्वाचं आहे. नुसती उंची कापली आणि कट तिथेच ठेवले की बाजूची फट उरतेच कितीशी? मग चालताना कुडता मांड्यांना आवळून बसतो आणि मावशीआजीची पीएमटी आठवते, फक्त हात द्यायला कुणी नसतं. खाली दीड इंच कापड आत दुमडून ठेवलं. मी म्हटलं, कापून टाका की, आता माझी उंची थोडीच वाढणार आहे! मास्टर म्हणाले, "फॅशन वाढेल ना."

तेव्हा माझ्या उंचीच्या मैत्रिणींनो, एक करा. ऑनलाइन कुडता घेताना एस की एम हे नंतर बघा, आधी खालच्या तक्त्यात उंची किती इंच आहे ते वाचा. शिवणकामाची टेप खांद्यावर धरून तेवढे इंच खाली सोडा आणि ती पायावर नेमकी कुठे येते ते आरशात पाहा. पोटरीच्या मधोमध आली तर घेऊ नका, नाहीतर शिंप्याकडे द्यायची तयारी ठेवा. दिलाच तर कट वर घ्यायला सांगा आणि आत माया ठेवायला सांगा. आणि गणपतीच्या आधी जा. नवरात्र लागलं की मास्टर दिवाळीपर्यंत उंचीचं काम हातात घेत नाहीत.